उद्या या

वारा पडेपर्यंत जहाज काही सुटत नाही, पोरांनो. बंदरावरच्या साहेबानं सांगितलंय, सकाळपर्यंत नाव काढू नका. तेव्हा खुर्च्या शेगडीजवळ ओढा आणि तो टीव्ही बंद करा. जे सांगतो ते आपल्या झानिसचं. तोच, उन्हाळ्यात पांढरी टोपी घालून पाहुण्यांना आपलं एर्मूपोली गाव दाखवत फिरतो तो. उडत उडत कानावर आलेलं नाही हे. त्यानं स्वतःच्या तोंडानं मला सांगितलंय, आणि शेवटचं तर मी या डोळ्यांनी पाहिलंय.

दोन वर्षं झाली. जानेवारीची वीस तारीख, शनिवार. संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. वेळ एवढी नेमकी कशी, तर स्तामातिसचं दगडकामाचं दुकान सहाला बंद होतं, आणि झानिस दहा मिनिटं उशिरा पोचला म्हणून स्तामातिसनं त्याला चांगलं झापलं.

"सगळ्या जगाला वेळेवर चौकात उभं करतोस, आणि स्वतःच्या आजोबांच्या पाटीला उशीर?"

"अरे, टोपी उडाली वाऱ्यानं. मासळीबाजारापर्यंत धावलो तिच्यामागे."

"कशाला धावलास? टोपीखाली झाकायला उरलंय काय आता!"

दोघं हसले. स्तामातिसनं पाटी जुन्या घोंगडीत गुंडाळली. संगमरवराची, हातभर लांबीची. त्याआधी एकदा दिव्याखाली धरून त्यानं अक्षरं मोठ्यानं वाचली. 'लिनार्दोस, पाववाला. एकेचाळीसच्या भुकेच्या हिवाळ्यात या घराचं दार कुणालाही बंद झालं नाही.'

"छान उमटलीत," स्तामातिस म्हणाला. "असा माणूस घराण्यात असावा. उद्या बायकोला घेऊन येतो."

"ये," झानिस म्हणाला. पण तोवर त्यानं नजर अक्षरांवरून काढून घेतली होती.

कारण ती पाटी खोटी होती. आणि हे त्याला ठाऊक होतं.

एकेचाळीसच्या हिवाळ्याबद्दल तुम्ही घरी ऐकलंच असेल. महायुद्ध चालू, बेटावर इटालियन शिपाई, समुद्रात जहाज नाही, गहू नाही. माणसं चालता चालता बसायची आणि बसल्या जागी जायची. झानिसचे आजोबा लिनार्दोस यांचा पावाचा कारखाना वरच्या टेकडीच्या पायऱ्यांवर होता. अनाथाश्रमाच्या नावानं आलेलं पीठ त्यांच्या तळघरात होतं. पोत्यांवर पोती. सकाळी दाराशी रांग लागायची, थेट खालच्या वळणापर्यंत. लिनार्दोस दाराची झडप बोटभर उघडायचे आणि म्हणायचे, "उद्या या." रोज. पीठ रात्री होडीनं बाहेर जायचं, काळ्या बाजारात. रांग रोज थोडी आखूड व्हायची.

हे झानिसला सांगितलं त्याच्या आईनं. मारुको तिचं नाव. ती तेव्हा आठ वर्षांची होती, तळघरातल्या पोत्यांवर बसून पाव खात असायची आणि वरून बापाचा आवाज ऐकायची. मरायच्या आधी पंधरा दिवस तिनं मुलाला जवळ बोलावून हे सगळं सांगितलं. झानिसनं काय करावं? तिच्या तोंडावर हात ठेवला. "आई, हे परत बोलू नकोस. कुणाजवळच नको." ती परत बोलली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

ती गेली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात झानिस वीस-पंचवीस पाहुण्यांना घेऊन त्या पायऱ्यांवर उभा होता. एका म्हाताऱ्या परदेशी बाईनं विचारलं, "हे घर कुणाचं?" आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "माझ्या आजोबांचं. त्या हिवाळ्यात त्यांनी अख्ख्या आळीला पाव दिला." बाई रडली. तिनं त्याला मिठी मारली. त्याला ते आवडलं. तो मला म्हणाला, "आवडलं रे, खोटं कशाला बोलू." मग दर उन्हाळ्यात तो ते सांगू लागला. दरवर्षी एकेक तपशील वाढायचा. एका वर्षी तळघरात लपवलेली पोरं आली, एका वर्षी इटालियन अधिकाऱ्याशी भांडण आलं. शेवटी आळीतल्या मंडळालाच वाटलं, एवढ्या मोठ्या माणसाची साधी पाटीसुद्धा नाही आपल्याकडे? रविवारी चर्च सुटल्यावर अकरा वाजता पाटी बसवायची ठरली. पाद्रीबाबा येणार, शाळेची मुलं गाणार.

तर झानिस पाटी काखेत मारून निघाला. धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. नावांचे दोर वाऱ्यानं कण्हत होते. मोठ्या चौकात आला तर फरशी दिव्यांखाली चकचकत होती आणि नगरपालिकेच्या उंच पायऱ्या रिकाम्या. कोपऱ्यावरच्या बंद मिठाईच्या दुकानापाशी एक बाई उभी होती.

अंगात पुरुषाचा जाड कोट, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. हातात कापडाची पिशवी, चार घड्या घालून छातीशी धरलेली.

"भाऊ," ती म्हणाली, "तुम्ही गाव दाखवता ना?"

झानिसला हसू आलं. "दाखवतो बाई, पण उन्हाळ्यात. आता वाऱ्याशिवाय दाखवण्यासारखं काय आहे इथं?"

"मी फार वर्षांनी आले. वाट विसरलेय."

"जायचंय कुठं?"

"वर. पावाच्या कारखान्यापाशी."

झानिसला वाटलं, उद्याच्या कार्यक्रमाला आलेली दिसते. इथून गेलेल्यांपैकी कुणी तरी, अमेरिकेतून नाहीतर ऑस्ट्रेलियातून. त्याची छाती जरा फुगली. "चला," तो म्हणाला, "मीही तिकडेच निघालोय. माझ्याच घरी."

आणि सवयच ती, चालता चालता त्याचं सुरू झालं. दोनशे वर्षांपूर्वी इथं नुसता खडक होता. खिओस, प्सारा या बेटांवरून तुर्कांपासून जीव वाचवून पळालेली माणसं अंगावरच्या ओल्या कपड्यांनिशी उतरली आणि पन्नास वर्षांत त्यांनी हे शहर उभं केलं. देशातलं पहिलं बंदर! अथेन्सला धड रस्ते नव्हते तेव्हा आपल्याकडे नाटकगृह होतं, इटलीहून गाणारे यायचे. गोद्या, आगबोटी, कापडाच्या गिरण्या. व्यापाराच्या देवाचं नाव दिलंय गावाला, तेव्हा दुसरं काय होणार? पुढे अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरानं धंदा पळवला, ती गोष्ट वेगळी.

बाई ऐकत होती. मधेच बोट दाखवून एवढंच विचारायची, "आणि इथं?"

"ही नगरपालिका. हिच्या पायऱ्या बघा, एकसंध संगमरवर."

"आणि इथं?" तिनं तिसऱ्या पायरीकडे बोट केलं.

"इथं... इथं काही नाही. पायरी आहे."

"माझी जाऊ इथं बसली होती," बाई म्हणाली. "दम खायला म्हणून."

"मग?"

ती पुन्हा चालू लागली.

नाटकगृहापाशी तो पुन्हा रंगात आला. कुठल्या साली बांधलं, आत किती सज्जे, छतावर काय रंगवलंय. बाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि इथून गाडा जायचा. सकाळी."

झानिसच्या तोंडचं वाक्य तोंडातच राहिलं. तो गाडा कसला, हे आपल्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या हिवाळ्यात सकाळी रस्त्यावरून मेलेली माणसं गोळा करायचा तो. उन्हाळ्यातल्या पाहुण्यांना कुणी ते सांगत नाही. सुट्टीवर आलेल्या माणसाला कशाला?

त्यानं मनात हिशेब केला. ते पाहिलेल्या माणसाचं वय आज नव्वदीच्या आत नसणार. बाई दिसत होती चाळिशीची.

आईकडून ऐकलं असेल, त्याला वाटलं. आईकडूनच.

पायऱ्या सुरू झाल्या. तुम्ही चढलायत त्या, ठाऊक आहे काय छाती भरून येते. झानिस जन्मभर चढतोय, तरी दोनदा थांबतो. पहिल्यांदा थांबला, तेव्हा बाईही थांबली. बरोबर एक पायरी खाली. तो बाजूला सरकला, तिला पुढे जाऊ द्यावं म्हणून.

"या ना पुढे."

"नको. तुम्ही पुढे आहात."

पुन्हा चालू लागला. पुन्हा थांबला. ती एक पायरी खाली. नेमकी त्याच्या पाठीमागे, रांगेत माणसं उभी राहतात तशी. त्याला धाप लागली होती. तिला नव्हती. वारा एवढा, की त्याचा कोट पंखासारखा फडफडत होता. तिचा कोट हलत नव्हता.

"तुमचे कोण राहायचे इथं?" त्यानं विचारलं. आवाज त्याला स्वतःलाच बारीक वाटला.

"आम्ही सगळेच."

मग खालून, वळणाच्या पलीकडून, कुणी तरी खोकलं.

झानिसनं मागे पाहिलं. वळणापर्यंत पायऱ्या रिकाम्या होत्या. दिवा होता. त्याखाली कुणी नव्हतं.

तो चालू लागला. आता भरभर. पाटी काखेतून निसटत होती. ती त्यानं पोटाशी धरली. मागे पावलांचा आवाज नव्हता. पण मागे होतं. त्याला कळत होतं, की मागे होतं. एका मागे एक.

दार आलं.

किल्ली लागेना. मग लागली. तो आत शिरला. दिवा लावला. समोर स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि टेबलावर सकाळचा पाव होता. अर्धा. कापडावर ठेवलेला. त्यानं तो पाहिला. हे लक्षात ठेवा, पोरांनो. त्यानं तो पाव पाहिला. आणायचा म्हटला असता तर दहा पावलांवर होता.

मग तो वळला.

ती खालच्या पायरीवर उभी होती. पिशवीच्या घड्या उलगडत होती. एक... दुसरी... सावकाश. मग तिनं पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडून धरलं. आत काळोख होता.

"पाव आहे का?" ती म्हणाली.

झानिसचा हात दारावर होता.

...

"उद्या," तो म्हणाला. "उद्या या."

आवाज त्याचाच होता. मी त्याला विचारलं, "अरे, दुसरंच कुणी तरी तुझ्या तोंडून बोललं असेल, अशा वेळी असं होतं म्हणतात." तो म्हणाला, "नाही. मीच बोललो. मला घाई झाली होती. ती जावी एवढंच मला पाहिजे होतं."

त्यानं दार लावलं. कडी घातली. वरचा अडसर घातला. दाराला पाठ लावून उभा राहिला.

बाहेर काही नाही.

वारासुद्धा नाही.

मग दारापलीकडून, अगदी जवळून, ती बोलली.

"बरं."

बस. एवढंच. रागावली नाही. शिव्या नाही, शाप नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं तो म्हणतो. सवय झालेलं माणूस म्हणतं ना... तसं. बरं.

रात्रभर तो तिथंच फरशीवर बसला. पाव टेबलावर होता. त्याच्याकडे बघवेना. ज्याच्यापासून तोंड लपवावं असं घरात दुसरं कुणी नव्हतं, तरी त्यानं चेहऱ्यावरून कोट ओढून घेतला होता. आई भिंतीकडे तोंड करून का पडून राहिली होती, ते त्याला त्या रात्री कळलं.

पहाटे उजाडताना त्यानं अडसर काढला.

पायऱ्यांवर पावलं होती.

ओली. अनवाणी. एकेका पायरीवर एक जोडी. दारासमोर पहिली, तिच्या खाली दुसरी, तिच्या खाली तिसरी... काही रुंद, काही इतकी अरुंद की नुसती हाडं टेकल्यासारखी. खाली वळणापर्यंत. सगळ्यांचे अंगठे दाराकडे. चालत आल्याची खूण कुठंच नाही. नुसती उभी राहिलेली पावलं. उत्तरेचा वारा पुन्हा सुटला होता. असल्या वाऱ्यात ओली चादर अर्ध्या तासात कडक होते. पावलं वाळत नव्हती.

तो म्हणाला होता, उद्या या. ते आले होते.

झानिस आत धावला. पाव आणला, पहिल्या पायरीवर ठेवला. मग घरातलं जे जे होतं ते आणलं. चीज, अंजिरं, डाळीचा डबा, साखर. बाहेर मांडून हात जोडून उभा राहिला. काही झालं नाही. कुणी घेतलं नाही. पावलं होती तशीच.

अकराच्या सुमाराला आम्ही मंडळी वर चढलो. हो, मीही होतो. कोट घालून टाळ्या वाजवायला गेलो होतो. पायऱ्या ओल्या बघून कुणी तरी म्हणालं, "कार्यक्रमासाठी धुतलेल्या दिसतात." पण आमच्यातल्या एकानंही त्या ओल्या जागांवर पाय ठेवला नाही. पाद्रीबाबा झगा उचलून कडेकडेनं चढले. मुलंसुद्धा भिंतीला चिकटून. कुणी सांगितलं नव्हतं.

झानिस दारात उभा. दाढी नाही, कपडे रात्रीचेच. स्तामातिस ओरडला, "पाटी कुठंय रे? का ती पण वाऱ्यानं उडाली?" लोक हसले.

"पाटी खोटी आहे," झानिस म्हणाला.

हसणं थांबलं. मग तो बोलला. सगळं. पीठ कुणाच्या नावाचं, कुठं ठेवलेलं, कुठं गेलं. झडप बोटभर उघडायची ती. आईच्या तोंडावर त्यानं हात ठेवला तो. पाहुण्यांच्या मिठ्या. आणि आदल्या संध्याकाळचं. बोलताना त्यानं मान वर केली नाही. आमच्यातले कुणी बुटांकडे बघत होते, कुणी समुद्राकडे. एका बाईनं आपल्या पोराचे कान झाकले आणि मग, काय वाटलं कुणास ठाऊक, हात काढून घेतले.

तो थांबला. मग मागून काठी वाजली. आर्गिरो म्हातारी. एक्क्याण्णव वर्षांची, मारुकोची मैत्रीण. नातवाच्या दंडाला धरून वर आली होती.

"आम्हाला ठाऊक होतं, बाळा," ती म्हणाली. "माझी आई याच रांगेत होती."

झानिसनं तेव्हा मान वर केली. "मावशी... मग एवढी वर्षं बोललात का नाही?"

"काय बोलायचं? तुझी आई लग्न झाल्यापासून मरेपर्यंत दर शनिवारी माझ्या उंबऱ्यावर पाव ठेवून जायची. पहाटे, कुणी उठायच्या आत. एकदा मी दार उघडलं, तर ती पळाली. चाळीस वर्षांची बाई, पोरीसारखी पळाली रे." म्हातारीनं काठी पायरीवर टेकवली. "तिला लाज वाटत होती. मग ती बघून मलाच लाज वाटायला लागली. मी पुन्हा दार उघडलं नाही. ती लाज घेऊन तुझी आई गेली, आता माझीही वेळ आली. आणि तू इथं दर उन्हाळ्यात उभा राहून ते सगळं सांगायचास. मी खिडकी लावून घ्यायचे."

झानिस पायरीवर खाली बसला. पाद्रीबाबांनी गाण्याच्या मुलांना घरी पाठवलं. मग त्यांनी त्या हिवाळ्यातल्या मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हटली. नावं माहीत नव्हती. आर्गिरोनं सांगितली. तिला एकवीस आठवली.

प्रार्थना चालू असताना मी खाली बघितलं. वळणापासून पायऱ्या वाळत येत होत्या. एकेक करून, खालून वर. जसं कुणी एकेक जण रांग सोडून जावं. दारासमोरची पायरी शेवटी. तीही वाळली. पांढरा स्वच्छ संगमरवर.

लोक पांगले. कुणी झानिसला शिवी दिली नाही, कुणी पाठही थोपटली नाही. पाटी आजही त्याच्या खाटेखाली पालथी पडली आहे. आता तो पाहुण्यांना तिथं नेतो तेव्हा खरं सांगतो. थोडक्यात सांगतो, आणि सांगताना टोपी काढतो. काही जण त्याच्यापासून जरा लांब सरकतात. तो म्हणतो, सरकू दे.

त्या दिवशी सगळे गेल्यावर मी मागे राहिलो. एकट्याला कसं सोडायचं? म्हटलं, चल, आत चल, कॉफी करतो. त्याला दंडाला धरून उठवलं. दार उघडंच होतं. मी पुढे होतो. उंबरठा ओलांडायला पाय उचलला आणि तसाच अधांतरी धरला.

आतल्या फरशीवर, दारापासून एका पावलावर, एक जोडी होती. ओली. माझ्या तळहाताएवढी पावलं. तीन-चार वर्षांच्या पोराची असावीत.

अंगठे घराच्या आतल्या बाजूला.

झानिस माझ्या खांद्यावरून बघत होता. कितीतरी वेळ. मग म्हणाला, "रात्रभर मी इथंच बसलो होतो."

मी फडकं मागितलं. त्यानं दिलं नाही.

दोन वर्षं झाली, पोरांनो. परवाच मी त्याच्याकडे गेलो होतो. अजून ओली आहेत.